परत नेलेला विस्तव

"कोळसा द्या" असं आमा म्हणालीच नाही. हातातलं रिकामं मकल तिनं आमच्या दुकानाच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि थंडीनं लाल झालेलं नाक पुसत नुसती उभी राहिली. मकल म्हणजे नेपाळातली मातीची शेगडी. आमाच्या मकलाचं तोंड काजळीनं काळं ठिक्कर पडलं होतं.

अंकुश, माझा नवरा, विझलेल्या भट्टीपुढं बसून सोनं वितळवायची मूस पुसत होता. पुसण्यासारखं काही नव्हतंच, दसऱ्यापासून दुकानात गुंजभर सोनं आलं नव्हतं. तरी रोज सकाळी तो मूस मांडीवर घेऊन बसायचा.

"काय आमा, नात कशी आहे?" त्यानं विचारलं.

"रडते," आमा म्हणाली. "सरकारनं लाकूड विकलं ते ओलं. पेटत नाही, नुसतं धुरतं. धूर झाला की खिडकी उघडायची, खिडकी उघडली की थंडी. तिचे डोळे बघ जा वर, भाइ. मिरची चोळल्यासारखे झालेत."

आमा म्हणजे आई. तिचं नाव ज्ञानमाया शाक्य. काठमांडूला लागून असलेल्या पाटणमध्ये, एका जुन्या बहालात तिचं घर होतं. बहाल म्हणजे चारी बाजूंनी घरं आणि मधे दगडी चौक. त्या वर्षीच्या भूकंपानं चौकातल्या निम्म्या भिंतींना तडे गेले होते आणि लाकडी टेकू लावून घरं उभी होती. खाली आमचं दुकान, दुकानामागं आमची खोली. आमच्या डोक्यावर आमा, तिचा मुलगा सबिन आणि सून रोजिना. रोजिना बाळंतीण होऊन आठवडाही झाला नव्हता.

आम्ही विट्याकडचे. आमच्या भागातली माणसं गलाई करायला कुठंकुठं जातात. सोनारांचं जुनं सोनं, घासकाम करताना उडालेली कणी, दुकानाची झाडलोट, हे सगळं वितळवून त्यातून चोख सोनं काढून द्यायचं. माझे सासरे तरुणपणी पाटणला आले ते शाक्यांच्या आसऱ्यानं. शाक्य पिढीजात सोनार. सासरे गावी परतले, अंकुश त्यांच्या जागी बसला आणि लग्नानंतर मी आले. शंभू, आमचा मुलगा, त्याच घरात रांगायला शिकला. त्याच्या पायाला तेल लावायचं काम आमाचं. मला ती 'नानी' म्हणायची. तिकडं घरातल्या लहान पोरीला नानी म्हणतात.

तो नाकाबंदीचा हिवाळा होता. नेपाळच्या नव्या राज्यघटनेवरून भारताला लागून असलेल्या तराईत आंदोलन पेटलं आणि भारतातून येणारे ट्रक सरहद्दीवर थांबले ते थांबलेच. दिल्ली म्हणायची, आम्ही काही अडवलेलं नाही, तुमचीच माणसं सरहद्दीवरच्या पुलावर बसलीत. काठमांडूत शेंबडं पोरसुद्धा सांगायचं की भारतानं नाका बंद केला. मला दिसत होतं ते एवढंच: गॅस नाही, पेट्रोल नाही, वीज दिवसातून थोडा वेळ. औषधाच्या दुकानातला माणूस चिठ्ठी न बघताच मान हलवायचा. शंभूचं अंग जरा कोमट लागलं तरी मी रात्री उठून त्याच्या नाकापुढं बोट धरून बघायचे.

अंकुश उठला. कोपऱ्यात कोकचं पोतं होतं, भट्टीसाठी पावसाळ्याआधीच आणून ठेवलेलं. त्यानं मकल भरून दिलं, वर एक पिशवीही भरली.

"हा घ्या आमा. दगडी कोळसा भाजून केलेला. रात्रभर धगधगतो आणि धुराची एक रेघ नाही."

आमानं मकल उचललं. तिचा चेहरा असा सैल झाला की माझंच मन भरून आलं. तरी मी म्हणाले, "आमा, खिडकी मात्र थोडी उघडी ठेवायची. बोटभर तरी. ह्याचा धूर दिसत नाही, पण वायू असतो."

"हो हो, नानी," म्हणत ती जिना चढलीसुद्धा.

मी उगाच घाबरते असं अंकुशचं नेहमीचं म्हणणं. पण हे उगाच नव्हतं. माझे धाकटे चुलते, बापूकाका, जालंधरला गलाईच्या दुकानात होते. थंडीत भट्टीतला विस्तव तसाच ठेवून, शटर ओढून झोपले. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी शटर उचकटलं. बघणारे सांगायचे, अंगावर एक ओरखडा नव्हता आणि गाल तर असे गुलाबी की लग्नातला नवरदेव. लहानपणी ते गुलाबी गाल ऐकून मला भीती वाटायची नाही. भीती पुढं वाटायला लागली.

त्या दुपारी गावाहून दादाचा फोन आला.

"काय म्हणतोय तुमचा नेपाळ?" तो हसत म्हणाला. "आला का नाही वठणीवर?"

"गॅस नाही दादा. मी विटांच्या चुलीवर भात शिजवतेय."

"होईल गं चार दिवसांत सगळं. आपला देश आता पूर्वीचा राहिला नाही. शेजाऱ्यांना जरा धाक पाहिजेच. थोरल्या भावानं कधी कान पिळायचा असतो, त्याशिवाय किंमत राहत नाही. तू तर राज्यशास्त्र घेऊन बी. ए. झालीस, तुला मी काय सांगायचं?"

'भारत आणि शेजारी राष्ट्रे' हा प्रश्न मी परीक्षेला हमखास सोडवायचे. समान संस्कृती, खुली सरहद्द, रोटीबेटीचे व्यवहार. पानंच्या पानं. "इथं चौकातल्या बायका माझ्याशी बोलत नाहीत," मी म्हणाले.

"मग तूही बोलू नकोस," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी ओव्याचं पाणी घेऊन वर गेले. दार लोटलेलं होतं. ढकललं तर आतून ऊब अशी अंगावर आली की क्षणभर बरंच वाटलं. मग डोळे सरावले. खिडकी गच्च बंद. फटींत चिंध्या कोंबलेल्या, आणि वरून वर्तमानपत्राचे कागद खळीनं चिकटवलेले. पलंगाच्या पायथ्याशी मकल, त्यात कोक लालबुंद. एवढी सुंदर आग मी भट्टीबाहेर कधी पाहिली नव्हती.

"ये भाउजू," रोजिना म्हणाली. भाउजू म्हणजे वहिनी. पोर तिच्या कुशीत होती, मुठी आवळून झोपलेली. "आज पहिल्यांदा शांत झोपली बघ. माझं डोकं मात्र जड झालंय. गरगरतं जरा."

मी ओव्याचं पाणी ठेवलं आणि सरळ खिडकीशी जाऊन कागद फाडला.

"अगं अगं!" आमा जिन्यातून धावत आली. "सुत्केरीच्या खोलीत वारा घेतेस? तुला लेकरू झालं तेव्हा तुझ्या आईनं हेच शिकवलं का?"

माझ्या आईनं हेच शिकवलं होतं. सुत्केरीला, म्हणजे बाळंतिणीला, वारा लागू द्यायचा नाही, कानाला फडकं, खोलीला पडदा, खाटेखाली शेगडी. पण आमच्या घराला वर कौलं होती, दाराला वीतभर फट होती, आणि शेगडीत बाभळीचे निखारे असायचे. हे सगळं मी आमाला कसं सांगणार? मी बापूकाकांचं सांगितलं. हिंदी, नेपाळी, जे तोंडाला येईल त्यात सांगितलं. रोजिनाचं डोकं गरगरतंय ते त्यानंच, असंही सांगितलं.

आमानं शांतपणे ऐकून घेतलं. मग मकलाकडं हात केला. "धूर कुठाय, नानी?"

"दिसत नाही आमा. तेच तर..."

"धूर असला की मी उघडतेच ना खिडकी. काल नव्हती उघडली? आज धूर नाही. बाळंतपणात डोकं सगळ्यांचंच जड होतं."

तेवढ्यात सबिन आला. तो पर्यटकांची गाडी चालवायचा. दोन महिने गाडी पेट्रोलच्या रांगेत उभी होती आणि तो गाडीत. ओठ फुटलेले, डोळे तांबारलेले. एके काळी हा माणूस अंकुशबरोबर दुकानाच्या पायरीवर कॅरम खेळायचा आणि राणी गेली की चौक ऐकेल एवढा ओरडायचा.

त्यानं फाटलेला कागद पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं.

"काय झालं?"

"भाउजू म्हणते खिडकी उघडी ठेवा," रोजिना म्हणाली.

"उघडी?" सबिन हसला. ते हसणं मला आवडलं नाही. "वा. नाका तुम्ही बंद ठेवायचा आणि आमची खिडकी तुम्ही उघडायची. कुठलं काय उघडायचं आणि काय मिटायचं, हे सगळं तुम्हीच ठरवणार का, भाउजू?"

"सबिनभाइ, मी सरकारचं बोलत नाही. बाळाचं बोलतेय."

"तुमचं सरकारही तेच म्हणतं. तुमच्याच भल्याचं सांगतोय. राज्यघटना अशी लिहा, तशी लिहू नका, तुमच्या भल्याचं सांगतोय." त्यानं चिंधी उचलून पुन्हा फटीत कोंबली. "तुमचा कोळसा घेतला, उपकार झाले. पण आमच्या घरात आमची पोर कशी निजवायची ते आम्हाला कळतं. आता खाली जा. झोपू दे तिला."

मी खाली आले. अंकुशला सगळं सांगितलं.

"वायूचं मी बोललोय त्याच्याशी सकाळीच," तो म्हणाला. "हू हू करतो. ऐकायच्या मनःस्थितीत न्हाई तो. मी एक सांगायला जावं तर त्याला दिल्लीच दिसती माझ्या तोंडात."

"मग कोक परत आण."

"आगं, दिलेला इस्तू कुणी माघारी मागतं का?" तो दचकलाच. "आपल्या गावात वैऱ्याच्या दारातबी इस्तू नाकारत न्हाईत. आन् बाळंतिणीच्या खोलीतनं माघारी आणू? बहाल काय म्हणंल? बाबांच्या वेळेपासनं ह्या उंबऱ्यावर पोट भरलंय आपलं. ह्यांच्यात आन् आपल्यात इस्तू जाईना झाला तर राहायचं कुठं मग?"

त्याचंही चूक नव्हतं. भारतीय दुकानांवर दगड पडल्याच्या बातम्या रोज येत होत्या. आमच्या दुकानावर पडला नव्हता, कारण पायरीवर आमा बसलेली असायची.

मी रात्र कशीबशी काढली. वरून बाळाचा आवाज आला की जीव भांड्यात पडायचा. बाळ भुकेलं की रडतं आणि रडलं की मी शांत, असं उलटंच चाललं होतं.

पुढची दुपार. चौकात ऊन आलं होतं. बायका सुकुल अंथरून, म्हणजे गवती चटई टाकून, पाठ उन्हाला देऊन बसल्या होत्या. आमाही त्यांच्यात मुळा चिरत होती. सबिन रांगेत गेलेला. अंकुश दुकानात. मी शंभूला भरवत पायरीवर, कुणी बोलत नसल्यामुळं सगळं ऐकत.

आणि मला ऐकू येईना.

पोर दुपारी ह्याच वेळेला उठायची. आधी कुरकुर, मग तिचा तो मांजरीसारखा आवाज. शंभू अजून अंगावर पीत होता, आणि रोजच्या त्या कुरकुरीला मलाही दूध दाटायचं. त्या दिवशी दूध दाटलं, पदर ओला झाला, आणि वर शांतता. मी शंभूचा घास हातात घेऊन वर बघत राहिले. खिडकी बंद. कागद नवा.

शंभूला अंकुशच्या मांडीवर टाकून मी जिना चढले.

रोजिना उताणी पडली होती, तोंड उघडं. मी हाक मारली. खांदा हलवला. तिनं डोळे किंचित उघडले, मला न बघताच मिटले. पोर तिच्या दंडावर होती. आदल्या दिवशीच्या आवळलेल्या मुठी आता सुटलेल्या होत्या, आणि गाल गुलाबी होते.

खिडकी कशी उघडली ते आठवत नाही. नखं तुटली ती नंतर दिसली. पोरीला उचलून मी जिन्याच्या उघड्या तोंडाशी नेलं, पालथी धरली, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. "रड," मी मराठीतच म्हणत होते, "रड गं बाई, रड की." तिचं डोकं माझ्या मनगटावर लोळत होतं. मग तिच्या अंगातून एक झटका गेला आणि ती रडली. बारीक, चिडकी, पण रडली.

आत रोजिना पलंगाच्या कडेला वाकून ओकत होती. आमा धापा टाकत वर आली. पाठोपाठ दोन बायका. आणि त्यांच्यामागं सबिन, तेवढ्यात रांगेतून परतलेला.

त्यांनी काय पाहिलं ते मला आज लख्ख कळतं. खिडकी सताड उघडी. पौषाचं वारं खोलीत भणभणतंय. बाळंतीण कुडकुडत ओकतेय. आणि तिचं उघडंवाघडं पोर घेऊन जिन्यात मी.

"आमा, ती बेशुद्ध होती. दोघीही..."

"झोपली होती!" सबिन ओरडला. "रात्रभर जागून आत्ता कुठं झोपली होती!" त्यानं पोर माझ्या हातातून घेतली. रडणारी, लालेलाल पोर. जिवंत, टणटणीत. तिच्याकडं पाहून कोण म्हणेल, हिला काही झालं होतं?

"रोजिना, तू सांग," मी म्हणाले.

रोजिनानं तोंड पुसलं. तिला काही समजत नव्हतं. "थंडी," ती एवढंच म्हणाली. "खूप थंडी वाजतेय."

आमानं खिडकी लावली. एका बाईनं चिंध्या गोळा केल्या. आमा वाकून मकलातले निखारे फुंकायला लागली, आणि ते पुन्हा लाल झाले.

मी तिथं उभी राहून ते फुंकणं पाहत होते. सांगायचं ते सगळं सांगून झालं होतं. पुन्हा सांगितलं असतं तर सबिननं पुन्हा तेच उत्तर दिलं असतं, आणि उद्या मी वर येऊ नये म्हणून दाराला कडी लागली असती. खाली जाऊन कान वर लावून बसायचं, आणि एक दिवस ऐकू आलं नाही तर दार फोडायचं.

"आमा," मी म्हणाले. "तो कोक आमचा आहे. परत द्या."

आमाचं फुंकणं थांबलं.

"काय?"

"कोक. परत पाहिजे मला. पिशवीतलाही. आमच्याही घरात लेकरू आहे, आम्हाला पुरत नाही." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. बाजारात भाजीवालीशी बोलतात तसा तो होता. "दिला ते चुकलं. आमचा माल आहे, आम्ही नेणार."

खोलीत फक्त पोर रडत होती. सबिन माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं तो मारणार. पण तो खाली बसला, पलंगाच्या कडेला, आणि पोरीला छातीशी धरून हळू आवाजात म्हणाला, "दे आमा. देऊन टाक. एवढंच न्यायचं राहिलं होतं त्यांचं."

आमानं कोपऱ्यातला पत्र्याचा डबा ओढला. चिमट्यानं एकेक निखारा उचलून डब्यात टाकला, सगळे. वर राख पसरली. डब्याच्या कडीला तिनं एक ओली चिंधी गुंडाळली, मला चटका बसू नये म्हणून. मग डबा आणि पिशवी माझ्या हातात दिली.

"सावकाश ने," ती म्हणाली. "जिना अंधारा आहे."

मी चौकात आले तेव्हा बातमी माझ्याआधी पोचली होती. बायका उठून उभ्या राहिल्या होत्या. कुणीतरी मागून म्हणालं, "नाकाबन्दी." दुसरीनं म्हटलं. मग लहान पोरांनी उचललं आणि टाळ्या वाजवत चौकभर नाचायला लागली, "नाकाबन्दी, नाकाबन्दी." तापलेल्या डब्यासह मी त्यांच्यामधून दुकानापर्यंत गेले.

अंकुश दारात होता. त्याच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच माझी लाज पाहिली.

"काय केलंस हे?"

"आत ये."

"आगं, बाळंतिणीच्या खोलीतनं..." त्याला बोलवेना. "थांब, मी वर जातो. पाया पडतो त्यांच्या. सांगतो, हिला भीती वाटली वायूची, म्हणून..."

मी त्याचा दंड धरला. "सांगू नकोस."

"का?"

"भल्यासाठी नेला म्हटलं की ते म्हणतील, मग द्या परत, आम्ही काळजी घेऊ. आणि तू देशील." शंभू माझ्या पायाशी येऊन रडायला लागला होता. "कंजूषपणानं नेला म्हणून राहू दे. आता तू सोन्यासारखा दिलास तरी सबिन घेणार नाही."

अंकुश डब्याकडं बघत राहिला. मग मटकन भट्टीपुढं बसला.

मी पायरीवर जाऊन बसले. बायकांनी सुकुल गुंडाळून पलीकडं नेलं. ऊन चौकातून भिंतीवर चढलं. वर लाकडं आपटल्याचा आवाज आला, मग फुंकणीचा, मग खोकल्याचा. ओलं लाकूड कुणाचंच ऐकत नाही. आधी सबिन खोकला, मग आमा, मग पोरीनं सूर लावला, आणि आमाचा वैतागलेला आवाज आला, "उघड बाबा ती, उघड, जीव जाईल पोरीचा."

खिडकी उघडली. धुराचा लोट बाहेर आला आणि त्यामागं सबिनचा हात, कागदाच्या चिंध्या खाली चौकात टाकणारा.

मी गुडघ्यात डोकं घालून बसले. मला रडताना कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, आता कशाला रडते.

घर सोडा असं आम्हाला कुणी म्हटलं नाही. आमा पायरीवर बसायची थांबली, एवढंच. शंभू तिच्याकडं धावला की ती त्याला उचलायची, डोक्यावरून हात फिरवायची आणि खाली ठेवायची. त्याला ती काही बोलायची नाही. मला मात्र ती त्या दिवसापासून 'तुम्ही' म्हणायला लागली. मग एका सकाळी आमच्या शटरवर दगड पडला. त्याच आठवड्यात मिळेल त्या बसनं आम्ही निघालो. निरोप घ्यायला अंकुश वर गेला, मी खाली सामानापाशी थांबले. खिडकीतून धूर येत होता. पोर रडत होती. मग बस सुनौलीला पोचली, आणि सरहद्दीच्या भारताकडच्या बाजूला ट्रकच्या रांगा दिसल्या, ताडपत्रीखाली गॅसच्या टाक्या, मैलभर. शंभूनं बोट दाखवून विचारलं, हे काय? मी त्याला सांगितलं, गाड्या.

अंकुशनं पुढं मिरजेला दुकान टाकलं. पाटणचा विषय आमच्यात निघत नाही.

गेल्या वर्षी गावातल्या बायकांची पशुपतिनाथाची यात्रा निघाली. मी गेले. एक दुपार मोकळी होती. बाकीच्या रुद्राक्ष घ्यायला गेल्या, मी टॅक्सी करून पाटणला उतरले. बहाल सापडलं. आमाचं घर पाडून नवं बांधलेलं, खाली मोबाईलचं दुकान. पायरीवर एक मुलगी गृहपाठ करत बसली होती. दोन वेण्या, शाळेचा स्वेटर, पुढचा एक दात अर्धा आलेला.

मी उभी राहिलेली पाहून तिनं विचारलं, "इंडियन?" टीव्हीवरचं हिंदी, अगदी स्वच्छ.

"हो."

"कुणाला शोधता?"

"कुणाला नाही. जुनं देऊळ बघायला आले." मी तिच्या वहीकडं पाहिलं. "तू इथंच राहतेस?"

"हो. आमच्याकडं पूर्वी इंडियन राहायचे." तिनं पेन्सिल कानामागं खोचली. तिला गृहपाठाचा कंटाळा आला होता, हे दिसत होतं. "वाईट होते. मी एवढीशी होते, तेव्हा त्या बाईनं आमची आग नेली. मला थंडी वाजत होती तरी नेली. अजि सांगते."

तिथंही आजीला अजिच म्हणतात.

"अजि बरी आहे तुझी?"

"बरी आहे. वर झोपलीय. ती म्हणते, असल्या माणसांना दारात उभं करू नये."

मी पायरीपासून दोन पावलं मागं सरले. मुलगी माझ्याकडं न्याहाळून बघत होती. उन्हानं तिचा चेहरा सावळा, रापलेला, गालांवर वाऱ्यानं फुटल्याच्या रेघा.

"बरोबर म्हणते तुझी अजि," मी म्हणाले. "मग काय झालं? त्या बाईनं आग नेल्यावर?"

"मग धूर झाला. आणि मी रडले," ती हात पसरून म्हणाली. "एवढी रडले, एवढी रडले, की सगळं बहाल गोळा झालं."

"पुढं सांग," मी म्हणाले.